रंगाआधी दोरा: किटमधून पहिली बेस गिटार जुळवताना

किटचा खोका उघडला की पहिल्यांदा हात जातो तो बॉडीकडे. कोरं, गुळगुळीत, पांढरट लाकूड. रंग कुठला द्यायचा ते तर किट मागवायच्या आधीच ठरलेलं असतं. मीही तेच केलं. सोलापुरात अशोक चौकाजवळ आमचं घर, खाली यंत्रमाग आणि वर गच्ची. त्या गच्चीवर आठवडाभर बॉडी रंगवली, वरून क्लिअरचे चकचकीत हात दिले आणि मग नेक, म्हणजे गिटारची लांब मान, बसवायला घेतला. बसेना. नेकच्या खाचेत रंगाचा थर चढला होता. जोर लावून दाबला तर खाचेच्या कोपऱ्यातून रंगाला बोटभर चीर गेली. नेक बसला खरा, पण किंचित तिरका. तारा चढवल्यावर जी (G) सुराची सगळ्यात बारीक तार फिंगरबोर्डच्या, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीच्या, कडेवरून खाली घसरू लागली. शेवटी सगळं सोडवून, रंग खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

म्हणून नवीन माणसाला माझं सांगणं एवढंच, की आधी कोऱ्या लाकडावर अख्खी गिटार जुळवा, तारा चढवा, सूर लावून बघा. मग सगळं सोडवा आणि त्यानंतरच रंगाचा डबा उघडा.

किट कुठलं घ्यावं

पहिलं किट स्क्रूने नेक बसणारंच घ्या. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी सपाट भरीव बॉडी आणि चार स्क्रूंनी बसणारा नेक अशी गिटार बाजारात आणली, आणि १९५१ मध्ये त्याच धर्तीवर प्रिसिजन बेस आली. कारखान्यात लवकर जुळावी आणि नेक बिघडला तर बदलता यावा, असा तो बेत होता. आज घरी किट जोडणाऱ्याला त्याचाच फायदा मिळतो, कारण चुकलं तर सोडवता येतं. चिकटवायच्या नेकचं तसं नसतं, तो एकदा चिकटला की चिकटला.

सहा तारांची गिटारच हवी असेल तर फेंडरच्याच टेलिकास्टर घाटाची, स्थिर ब्रिजची घ्या. ब्रिज म्हणजे बॉडीवरची तारांची घोडी. स्प्रिंगवर तरंगणारा ब्रिज पहिल्या खेपेला नको. एक तार ताणली की बाकीच्या पाच उतरतात आणि नवख्या माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

माझं मत विचाराल तर सुरुवात बेसने करावी, तीही प्रिसिजन घाटाच्या. चार तारा, एक पिकअप (तारेची थरथर विजेत बदलणारं चुंबक आणि कॉइल), दोन बटणं, वायरिंग पोस्टकार्डावर मावेल एवढं. शिवाय १९५७ पासून या बेसचा पिकअप दोन तुकड्यांत येतो आणि ते दोन तुकडे एकमेकांची गुणगुण मारतील असे जोडलेले असतात. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. ज्या घराखाली माग चालतात, शेजारच्या भिंतीपलीकडे मोटारी फिरतात, तिथे साध्या एका कॉइलच्या पिकअपमधून ॲम्पमध्ये अखंड घूं ऐकू येते. दोन तुकड्यांचा पिकअप ती बरीचशी गिळतो.

पैसे वाचवायला म्हणून किट घेऊ नका. हत्यारं, रंग, तारा धरल्या तर तेवढ्यात बरी तयार गिटार येते. वाद्य आतून कसं चालतं ते हाताला कळावं म्हणून किट घ्यायचं. घेताना नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई, आहे ना, हे नक्की विचारा. बेसच्या तारांचा ताण पेलायला तो लागतोच. बॉडी पॉलोनियासारख्या फार हलक्या लाकडाची असेल तर पट्टा गळ्यात घातल्यावर नेकची बाजू खाली झुकते. थोडं वजन असलेलं बासवुड किंवा पॉप्लर चालेल.

केव्हा सुरू करावं

सोलापुरात याला सरळ उत्तर आहे, दिवाळी ते गड्डा, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वरांची यात्रा. होम मैदानावर गड्ड्याचे पाळणे उभे राहीपर्यंत हवा कोरडी आणि मऊ असते, ऊन सोसवतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. स्प्रेचा थेंब बॉडीवर पोचायच्या आतच सुकायला लागतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यातल्या दमट दिवशी लॅकर मारलं तर त्यावर दुधी झाक येते. आणि बाराही महिने सांभाळायची गोष्ट म्हणजे कापसाची धूळ. खाली माग चालू असताना वर ओला रंग ठेवलात तर तासाभरात त्यावर बारीक लव बसलेली दिसेल. माग बंद असतील अशी सकाळ निवडा आणि आदल्या रात्री जागा ओल्या फडक्याने पुसून घ्या.

किट आल्यावर बॉडी आणि नेक आठ-दहा दिवस ज्या खोलीत गिटार राहणार आहे तिथेच नुसते ठेवा. पत्र्याखालच्या खोलीत नको. दमट गावाहून आलेलं लाकूड आपल्या कोरड्या हवेत आकसतं, पण फ्रेट, म्हणजे फिंगरबोर्डवरच्या आडव्या पट्ट्या, धातूचे असल्यामुळे आकसत नाहीत. मग नेकच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं करवतीसारखी टोचतात. ती टोचायची तर आत्ताच टोचू द्या. लाकूड बसल्यावर बारीक कानशीने, नेकच्या लांबीच्या दिशेने, फिंगरबोर्डला चिकटपट्टी लावून ती घासता येतात.

मधल्या दिवसांत सामान मोजून घ्या. मल्टिमीटर असेल तर पिकअपच्या दोन वायरींमधला रोध बघा. काही किलोओहम आकडा आला तर पिकअप जिवंत आहे, काहीच आला नाही तर आतली तार तुटलेली आहे. तो आत्ताच परत पाठवा, कारण सगळं जोडून झाल्यावर कुणी दाद देत नाही.

कोरी जुळणी

टेबलावर जुनी सोलापुरी चादर चौघडी करून अंथरा. टॉवेल नको, त्याच्या फासांत स्क्रू आणि धातूचा कीस अडकतो आणि लाकडाला ओरखडे पाडतो.

पहिलं काम नेकची खाच. नेक हाताने सरळ खाली दाबून बसला पाहिजे, हातोडा लागता कामा नये, आणि बॉडी उचलली तर क्षणभर तरी अडकून राहिला पाहिजे. घट्ट असेल तर कुठे घासतोय ते शोधा. खाचेच्या भिंतीला पेन्सिल फासा, नेक घालून काढा. जिथे नेकवर काळं उमटेल तेवढंच १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. पेपर सपाट लाकडी तुकड्याला गुंडाळूनच. आणि हे लक्षात असू द्या की पुढे रंगाचा थर चढणार आहे. त्यासाठी जराशी मोकळीक हवी, नाहीतर खाच झाकून रंगवायची.

आता दोरा. हे मला माझ्या काकांनी शिकवलं. ते यंत्रमागावर जॉबर होते, मागाची मोडतोड आणि ताण बघण्यात हयात गेली. गिटारमधलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. मी पट्टी घेऊन ब्रिजची जागा मोजत बसलो होतो, तर ते खालून सुताचा एक धागा घेऊन आले. नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी. तिच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून दोन धागे काढले, ब्रिजच्या दोन्ही टोकांच्या सॅडलपर्यंत (ब्रिजवर तार टेकायच्या सरकत्या तुकड्यापर्यंत) ओढले आणि अंगठ्याच्या नखाने टिचकी मारली. म्हणाले, "पट्टी खोटं बोलंल, ताणलेलं सूत नाही बोलत." शेवटच्या फ्रेटपाशी वाकून बघितलं तर एका बाजूला धागा आणि फिंगरबोर्डची कड यांत चांगलं अंतर होतं, दुसऱ्या बाजूला धागा जवळजवळ कडेवर. नेक तिरका होता, आणि ते नुसत्या डोळ्याला दिसत नव्हतं.

तुम्हीही तेच करा. दोन्ही बाजूंचं अंतर सारखं येईपर्यंत नेक खाचेत केसभर फिरवा. तेवढ्याने भागलं नाही तर ब्रिज सरकवा. लांबीही तपासा. नटच्या आतल्या कडेपासून १२ व्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. लांब मापाच्या बेसवर १७ इंच यायला हवेत, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत ३४. जीचा सॅडल बराच पुढे घेतलेला असताना तो या ३४ इंचांवर आला पाहिजे, कारण जाड तारांचे सॅडल नंतर मागे न्यावे लागतात. मागे जायला जागा नसेल तर सूर कधीच जुळणार नाही. ब्रिजची भोकं किटमध्ये आधीच पाडलेली असली तरी हे मोजाच. फेंडर घाटाच्या सहा तारांच्या गिटारचं माप साडेपंचवीस इंच.

जागा पक्की झाली की स्क्रू. इथे नवख्यांच्या हातून हमखास होणारी चूक अशी, की स्क्रू बॉडीतही आटे धरतो आणि नेकमध्येही. मग कितीही पिळा, दोघांत कागद जाईल एवढी फट राहते. बॉडीतल्या भोकातून स्क्रू नुसता हाताने ढकलून आरपार गेला पाहिजे. आटे फक्त नेकमध्ये धरायचे. नेकमधलं भोक स्क्रूच्या आट्यांएवढं नको, मधल्या दांड्याएवढं हवं, साधारण ३ मिमी. नेक मेपलचा असतो, मेपल कठीण. भोक लहान राहिलं तर स्क्रूचं डोकं तुटतं आणि दांडा आत राहतो. ड्रिलच्या पात्यावर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर पातं फिंगरबोर्डमधून वर येईल. प्रत्येक स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासा. चारही स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरच्या जोडीने आवळा, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे.

मग खुंट्या बसवा, तारा चढवा, सूर लावा. आवाज यायची गरज नाही, वायरिंग झालेलंच नाही. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा. एखाद्याच जागी खणखण येत असेल तर तीन फ्रेटवर आडवी बसेल एवढी छोटी पोलादी पट्टी ठेवून बघा. ती डुगडुगली तर मधला फ्रेट उंच आहे. अर्धवट वर आलेला असेल तर लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकून बसवता येतो. सगळेच वरखाली असतील तर मात्र जाणत्या माणसाकडे जा, फ्रेट घासणं पहिल्या खेपेचं काम नाही.

नटही बघून घ्या. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते पाहा. जेमतेम केस जाईल एवढीच हवी. किटचे नट बहुधा उंच कापलेले येतात. खाच खोल करायची तर दोन घासे मारा आणि पुन्हा तपासा. जास्त खोल गेली तर नवा नट.

असं दोन-तीन दिवस ताणावर राहू द्या. नेक हलत नाही, धाग्याची रेषा बिघडत नाही, असं दिसलं की सगळं सोडवा. स्क्रू ज्या भोकातला त्याच भोकाच्या नावाने पुड्या करून ठेवा.

रंग

बॉडी १२० नंबरपासून सुरू करून १८०, २४०, ३२० अशी घासा, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. २४० नंतर एकदा ओल्या फडक्याने पुसा. बसलेले तंतू उभे राहतात, वाळल्यावर ते पुन्हा घासा. बऱ्याच किटच्या बॉडीला कारखान्यातच सीलर लावलेला असतो. त्यावर स्टेन मुरत नाही, डाग डाग दिसतात. पाण्याचा थेंब टाकून बघा. तो मण्यासारखा तसाच राहिला तर सीलर आहे. मग एकतर तो पूर्ण घासून काढा किंवा सरळ घट्ट रंग द्या.

पहिल्या गिटारीला मी स्प्रेच्या आरशासारख्या चमकेपेक्षा चपडा पॉलिश सुचवीन. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कुठल्याही कारागिराला ते येतं, शिकवायलाही ना करत नाहीत. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, गाळायचा आणि कापडाच्या बोळ्याने पातळ पातळ हात द्यायचे. लवकर सुकतं, चुकलं तर पुढच्या हातात जिरून जातं. मात्र उष्णता लाखेला सोसत नाही. अशी बॉडी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कधीही ठेवू नका.

स्प्रेच करायचा तर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात प्रायमर, रंग, लॅकर, रबिंग कंपाउंड सगळं मिळतं. नेकच्या खाचेत पट्टी चिकटवा, तिथेच एक लाकडी दांडा स्क्रूने बसवा आणि त्याला बॉडी टांगा. पातळ हात, मध्ये वेळ. मास्क लावा, तोही वाफा अडवणारा. कापडी रुमालाने काही होत नाही. शेवटच्या हातानंतर लॅकरला तीन-चार आठवडे द्या. नख टेकवून बघा, ठसा उमटला तर अजून कच्चं आहे. मग ८०० पासून २००० नंबरपर्यंत पाणपेपरने घासून कंपाउंड मारा.

वायरिंग

पिकअपची गरम (सिग्नलची) वायर व्हॉल्यूमच्या पॉटच्या (बटणाखालच्या बदलत्या रोधाच्या) पहिल्या पायाला, मधला पाय जॅकच्या टोकाला, तिसरा पाय वाकवून पॉटच्या पाठीला. टोनचा पॉट एका कपॅसिटरमधून व्हॉल्यूमच्या पहिल्या पायाशी जोडलेला. या बेसला २५० किलोओहमचे पॉट आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ही रूढ जोडी. सगळ्या अर्थच्या वायरी पॉटच्या पाठीवर एकत्र. एक वायर ब्रिजच्या खालून बाहेर काढून तिचं उघडं टोक ब्रिजखाली दाबायला विसरू नका.

पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नाही ही सगळ्यांची तक्रार असते. ती पाठ आधी पॉलिश पेपरने खरवडा. २५ वॅटचं आयर्न वायरींना पुरतं, पाठीला पुरत नाही, तिथे ४० ते ६० वॅटचं घ्या. तापवायचा तो पॉट, सोल्डर नाही. धातू तापला की सोल्डर आपणहून पसरतं. राळ असलेलं सोल्डरच वापरा, तेजाबी फ्लक्स पुढे वायरी खातो.

तारा चढवण्याआधी ॲम्प बारीक ठेवून जॅक लावा आणि स्क्रू ड्रायव्हरने पिकअपच्या चुंबकांना टकटक करा. टकटक ॲम्पमधून यायला हवी. नंतर ब्रिजला हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर अर्थ बरोबर आहे. हात लावल्यावर वाढली तर जॅकच्या वायरी उलट्या आहेत, काहीच फरक पडला नाही तर ब्रिजची वायर सुटली आहे.

आणि हे कामाइतकंच महत्त्वाचं आहे. गिटारच्या तारा ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. जुन्या पेठांतल्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थिंगची वायरच नसते, असं मी स्वतः पाहिलं आहे. ॲम्प लावण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. त्यात आळस नको.

जवारी लागेपर्यंत

मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडून जातो, पण तंबोरा बोलतो तो जवारी लागल्यावर, म्हणजे घोडीवर तारांची गुंज नीट जमल्यावर. गिटारीचंही तसंच आहे. जोडून झालेली गिटार आणि वाजणारी गिटार यांत हा शेवटचा टप्पा असतो, आणि त्याचा क्रम मोडायचा नाही. आधी नेकचा बाक, मग तारांची उंची, मग सूर.

४५ ते १०५ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) नव्या तारा चढवून ई, ए, डी, जी असा सूर लावा. ईची तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत ०.३ ते ०.४ मिमी फट हवी, चांगल्या जाड व्हिजिटिंग कार्डाएवढी. फट जास्त असेल तर ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, कमी असेल तर उलट पाव फेरा. त्यापेक्षा एका वेळी फिरवू नका. सूर पुन्हा लावा, तासभर थांबा, मग बघा. एलन की अगदी मापाची हवी, सैल कीने नटचे कोपरे गोल झाले की नेक गेला.

उंची १२ व्या फ्रेटवर मोजा. ईला अडीच मिमी, जीला दोन. हात सरावला की आणखी खाली आणता येईल.

शेवटी सूर. मोकळ्या तारेवर १२ व्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवा, मग तीच तार १२ व्या फ्रेटवर दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही सारखे यायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. प्रत्येक वेळी मोकळी तार पुन्हा लावूनच मोजा. याला एक अख्खी दुपार जाते, जाऊ द्या.

आठ दिवसांनी नेकचे चारही स्क्रू एकदा हाताने तपासा, थोडेसे सैल झालेले सापडतील. पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा या दोन्हींत बाक बदलेल. पाव फेरा एकदा इकडे, एकदा तिकडे. सुताचा धागा मात्र गिटारच्या पिशवीतच राहू द्या. नेक कधीही सोडवून पुन्हा बसवलात, तर तारा चढवण्याआधी तो पुन्हा लागेल.